अमर्याद सत्तेचे घरमालक

कोर्टात माझं निवेदन वाचून दाखवलं गेलं, त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत याच वाक्यावर घालत आलोय. नियम बावीस होते, मी बावीसच लिहिले होते. स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दाराबाहेर तासभर तहानलेला उभा राहिलेला म्हातारा माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, तेही लिहिलं होतं. खाली शपथ होती, सही होती, नोटरीचा शिक्का होता. ओहायोतल्या डब्लिनमध्ये सरांच्या तळघरात मी चौदा महिने राहिलो आणि त्या चौदा महिन्यांतून दीड पान काढलं. त्या दीड पानानं त्यांचं घर गेलं.

सर माझे शिक्षक नव्हते. 'सर' ही तडजोड होती. इंडियन ग्रोसरीच्या फळ्यावर देवनागरीत हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: 'तळघरातील खोली देणे आहे. नियम वाचण्याची तयारी असल्यासच भेटावे.' मी नागपूरहून कंपनीच्या व्हिसावर आलेलो, तेहतीस वर्षांचा, मोटेलमध्ये राहून कंटाळलेला. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"नमस्कार काका."

"मी तुमच्या वडिलांचा भाऊ आहे का?"

"नाही."

"मग मावशीचा नवरा?"

"नाही हो, पण इथे आपण सगळ्यांनाच काका म्हणतो ना."

"म्हणूनच नको. नातं लावलं की माणूस नियम वाचायचं सोडतो. तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणीच नाही. चिठ्ठी वाचून आलो."

"अनघाला ओळखता?"

"कोण अनघा?"

ते माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग साखळी निघाली. अनघा ही त्यांची एकुलती मुलगी, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, हे मला पुढे तीन महिन्यांनी कळलं. त्या दिवशी मात्र मी तिला खरंच ओळखत नव्हतो. मी तिचा माणूस आहे हा त्यांचा संशय तेव्हा निव्वळ खोटा होता. तो खरा करायचं काम नंतर मी केलं.

सरांचा जन्म साताऱ्याकडचा. साठच्या दशकात कसलीशी स्कॉलरशिप घेऊन ते मॉस्कोला कायदा शिकायला गेले, तिथून अमेरिकेत आले, आणि इथल्या विद्यापीठांत कधी पूर्ण, कधी अर्धी अशी नोकरी करत निवृत्त झाले. बायको गेलेली. त्यांचा विषय एकच: रशियात बादशाही होती तेव्हा तिथल्या कायदेपंडितांनी बादशहाच्या अमर्याद सत्तेचं समर्थन कसं केलं, आणि तिचा अर्थ कसकसा लावला. हा विषय घेऊन एखादा माणूस चाळीस वर्षं जगू शकतो यावर माझा विश्वास बसला नसता. पण घरात शिरलं की दिवाणखान्यात, जिन्यात, अगदी वॉशिंग मशीनवरसुद्धा रशियन लिपीतले जाडजूड ग्रंथ. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचा संशयाचा काळ होता तो; विमानतळावर बूट काढायला लावत होते, आमच्या ऑफिसात मागच्या माणसासाठी दार धरून ठेवायला मनाई होती. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, हा माणूस नक्की कोण आहे?

त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत होतं, फक्त ते लपवत नसत.

त्यांच्या सवयी सांगतो. खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून. लोणच्याची नवी बरणी उघडली की झाकणावर तारीख. पाकीट बंद केलं की जिथे चिकटवलं त्या रेघेवर आडवी सही, म्हणजे कोणी उघडलं तर सही तुटेल. कुणाही माणसाबद्दल बोलणं निघालं, जिवंत असो की शंभर वर्षांपूर्वी मेलेला, की पहिला प्रश्न: "हा कोणाच्या हाताखाली होता?" माझ्या ऑफिसातला पुण्याचा मित्र मंदार एकदा मला सोडायला आला. त्यालाही त्यांनी हेच विचारलं. मंदार म्हणाला, "म्हणजे माझा मॅनेजर का? तो तमिळ आहे." सरांनी गंभीरपणे मान हलवली. बाहेर आल्यावर मंदार म्हणाला, "यार, तू इथे राहतोस कसा? हा माणूस उद्या तुझे फिंगरप्रिंट घेईल."

फिंगरप्रिंट घेतले नाहीत. पण दाराजवळ एक आवक-जावक रजिस्टर होतं, आपल्याकडे तहसील कचेरीत असतं तसं, लाल कापडी पाठीचं. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाला त्यात नंबर पडे. वीज कंपनीचं पत्र, पिझ्झाची जाहिरात, सगळ्यांना. मग तो कागद भिंतीवरच्या लाकडी खणांत जाई. प्रत्येक खणावर चिठ्ठी: 'मालक', 'ग्रंथ', 'अनघा', 'तळघर'. तळघर म्हणजे मी. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "सर, माझं पत्र मी बाहेरच्या पेटीतून घेत जाईन, तुम्ही तसदी घेऊ नका." ते म्हणाले, "जशी इच्छा. खण राहील."

एके दिवशी कुतूहल म्हणून रजिस्टर उघडलं, तर शेवटच्या पानांवर कागदांच्या नाही, माणसांच्या नोंदी. 'तळघर: ७.१० जावक. ६.४० आवक.' रोजच्या. एका रविवारी तर माझ्या चार फेऱ्या. त्या दिवसापासून मी दार हळूच ओढून घेऊ लागलो. नोंदी तरीही पडत राहिल्या. का लिहिता, असं मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण संशय आला की आपण विचारणं सोडतो आणि बघणं सुरू करतो, तसं माझं झालं.

आता नियम. ते फ्रिजवर लावलेले असत, चुंबकांनी. प्रत्येकाला कलम क्रमांक, तारीख आणि खाली त्यांची सही. कलम एक: 'या घरात मालकाची सत्ता अमर्याद आहे.' कलम दोन: 'ही सत्ता लेखी नियमांच्या भक्कम पायावरच चालेल.'

मी हसलो. "सर, दुसऱ्या कलमानं पहिलं खोडलंच की."

"बसा," ते म्हणाले.

त्या 'बसा'नंतर दोन तास गेले, आणि खरं सांगायचं तर ते दोन तास मला अजून आठवतात ते आवडले म्हणूनच. रशियाच्या कायदेसंहितेत पहिल्याच कलमात लिहिलं होतं की बादशहा हा एकछत्री आणि अमर्याद सत्तेचा धनी आहे. त्याच संहितेत पुढे लिहिलं होतं की साम्राज्याचा कारभार कायद्याच्या भक्कम पायावर चालतो, आणि तो कायदा निघतो एकछत्री सत्तेतूनच.

"आता सांगा," सर म्हणाले, "ज्याला मर्यादाच नाही त्याला पाया कशाला हवा? या एका प्रश्नावर तिथल्या पंडितांनी पाऊणशे वर्षं काढली."

"आणि उत्तर काय निघालं?"

"उत्तर असं की जुलमी राजा लहरीनं चालतो, आमचा राजा कायद्यानं. कायदा त्याचाच. केव्हाही बदलेल. पण बदलेपर्यंत स्वतः पाळेल. म्हणून हा जुलूम नव्हे."

"आणि नाही पाळला तर?"

"तर प्राध्यापकाची नोकरी जाते."

मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं होतं की या पंडितांना सगळे भाट समजतात, पण त्यांच्यातले दोन-चार तरी फार धूर्त होते. राजाला बांधता येत नाही, मग काय करायचं? त्याची अशी स्तुती करायची की ती खरी ठरवण्यासाठी त्यालाच स्वतःला बांधून घ्यावं लागेल. 'महाराज, आपण आपलाच कायदा किती काटेकोर पाळता!' असं पुन्हा पुन्हा लिहायचं, पाठ्यपुस्तकात घालायचं, मुलांकडून पाठ करून घ्यायचं. "स्तुतीचा दोर," सर म्हणत. आणि लगेच पुढे: "अर्थात, हाही एक संशयच. ते खरंच धूर्त होते की नुसते भाट, हे त्यांच्या लिखाणावरून सांगता येत नाही. दोघांची वाक्यं सारखीच असतात."

पुढे १९०५ च्या क्रांतीच्या धक्क्यानंतर राजानं संहितेची नवी आवृत्ती काढली आणि त्यातला 'अमर्याद' हा शब्द गाळला, 'एकछत्री' तेवढा ठेवला. हे सांगताना सर उठून उभे राहत. कोणी म्हणाले, शब्द गेला म्हणजे मर्यादा आली. कोणी म्हणाले, जो शब्द राजानं आपण होऊन काढला तो आपण होऊन परतही घालील, म्हणजे काहीच गेलं नाही.

"बरोबर कोण?"

"दोघं कोणाच्या हाताखाली होते ते आधी बघा."

आता तो स्वयंपाकघराचा प्रसंग. कलम नऊ: 'दुपारी दोन ते चार स्वयंपाकघर बंद.' त्या वेळात ते शेजारच्या खोलीत वाचत आणि भांड्यांचा आवाज त्यांना खपत नसे. एका रविवारी तीनच्या सुमाराला मी खोकत वर आलो. ते म्हणाले, "घसा बसलाय तुमचा. चहा करा. मलाही टाका अर्धा कप."

मी स्वयंपाकघराकडे निघालो, आणि उंबऱ्यापाशी पोचतो तोच मागून आवाज आला, "थांबा!"

"काय झालं?"

"मी तोंडी परवानगी दिली. कलम नऊवर माझी स्वहस्ते सही आहे. सही केलेला कायदा तोंडी हुकमानं हटत नाही. त्यांच्या संहितेत हे स्पष्ट होतं."

"सर, हटवणारे तुम्हीच, लावणारे तुम्हीच."

"म्हणूनच."

ते वाचनाच्या खोलीत गेले, कागद आणला, 'कलम नऊ आजपुरते स्थगित' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग तो कागद हातात धरून उंबऱ्यावर उभे राहिले. मला वाटलं, पाय दुखतोय. तसं नव्हतं. कलम तीनप्रमाणे कोणताही नियम फ्रिजवर लावल्याशिवाय अमलात येत नसे, आणि फ्रिज होता स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघर चारपर्यंत बंद.

"मी लावतो की आत जाऊन," मी म्हटलं.

"तुम्ही आत जाणं हाच तर भंग."

आम्ही दोघं चार वाजेपर्यंत त्या उंबऱ्यावर उभे होतो. समोर सात-आठ फुटांवर फ्रिज. त्यांच्या घशाला कोरड पडली होती, ते ओठांवरून जीभ फिरवत होते, माझा खोकला थांबत नव्हता, आणि मधूनच आम्हाला हसू फुटत होतं. एकदा ते म्हणाले, "बाथरूममधलं पाणी पिता येईल. त्यावर कलम नाही." पण आम्ही दोघंही हललो नाही. खेळ मोडायचा नव्हता. साडेतीनला मी म्हणालो, "सर, म्हणजे या घरात सगळ्यांत जास्त बांधलेले तुम्हीच आहात."

इतकं खूष झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आत्ता तुम्ही वाचायला लागलात," ते म्हणाले. मग दुसरीकडे बघत: "एकटा माणूस, दार बंद, कोणी विचारणारं नाही. अशा माणसाला घरात काहीही करता येतं. अमर्याद सत्ता म्हणजे तेवढीच असते हो. मला तसं जगायची भीती वाटते. म्हणून लिहून ठेवतो."

म्हणजे मला कळलं होतं. नीट, त्यांच्याच तोंडून. हे लक्षात ठेवा.

मॉस्कोतली एक गोष्ट ते क्वचित सांगत. हॉस्टेलवर त्यांच्या खोलीत एक मुलगा होता, तो त्यांच्याबद्दल वर रिपोर्ट देत असे. हे त्यांना वर्षभरानं कळलं. "माणूस फार चांगला," सर म्हणत. "मला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस माझं डोकं चेपलं त्यानं. तेही रिपोर्टात लिहिलं असेल." यात कडवटपणा नसे. एखादं निरीक्षण सांगावं तसं सांगत.

त्या हिवाळ्यात मला मिनेसोटात ईडन प्रेरीला क्लायंटकडे तीन आठवडे जावं लागलं. परत आलो तर सर सोफ्यावर, पायावर शाल. "काही नाही, थंडी आहे," म्हणाले. मी रजिस्टर बघितलं. दोन दिवसांपूर्वीची नोंद होती: 'मालक: ८.०५ जावक. ८.५० आवक.' सकाळी ते फक्त वर्तमानपत्र उचलायला बाहेर जात. दाराबाहेर दहा पावलं. त्याला पंचेचाळीस मिनिटं?

ते ड्राइव्हवेवरच्या बर्फावर पडले होते आणि सरपटत आत आले होते. कंबर सुजून निळी पडली होती. दोन दिवस कोणालाही फोन नाही. मी त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि 'अनघा' लिहिलेल्या खणातल्या एका जुन्या पाकिटावरचा नंबर घेऊन फ्रीमाँटला फोन केला. यात माझं काहीच चुकलं नाही, अजूनही वाटतं. हाड मोडलं नव्हतं.

अनघा रडली. मग म्हणाली, "तू कॉल केलास म्हणून कळलं. बाबा मला काहीच सांगत नाहीत रे. मी नर्स पाठवली तर तिच्याकडे अपॉइंटमेंट लेटर मागितलं. लिटरली! प्लीज, मला पोस्टेड ठेवशील? वीकली, बस. त्यांना सांगू नकोस, ते डाऊट घेतात."

मी पोस्टेड ठेवू लागलो. दर शनिवारी, गाडीत बसून, दुकानाच्या पार्किंगमधून. जेवले का, पडले का, काय बोलले. तिच्या प्रश्नांत नियम येऊ लागले. 'किती रूल्स आहेत? आणि ते स्वतःला पण लावतात? ओ माय गॉड.' मी सांगताना थोडं रंगवून सांगत असे. ती हसावी म्हणून. ती हसत नसे, लिहून घेत असे, हे मला फोनवर कसं कळणार?

एकदा आत शिरताना सर म्हणाले, "शनिवारी तुम्ही चाळीस मिनिटं दुकानात असता आणि पिशवीत नुसतं दूध असतं."

"लाइन होती, सर."

"हं," ते म्हणाले.

मार्चमध्ये ती माझ्याशी सरळ बोलली. तिला कोर्टाकडून बाबांची गार्डियन व्हायचं होतं. म्हणजे ते कुठे राहणार, घराचं काय करायचं, हे सगळं ती ठरवणार. डॉक्टरांचा रिपोर्ट धड इकडे ना तिकडे असा होता. घरात राहणाऱ्या माणसाचं शपथेवरचं निवेदन मिळालं तर फरक पडेल, असं तिचा वकील म्हणाला होता. मी म्हटलं, विचार करून सांगतो. मनातून मी नाही म्हणणार होतो. अगदी नक्की.

मग ते पाकीट हरवलं. माझ्या ग्रीन कार्डाच्या कागदपत्रांचं, कंपनीच्या वकिलांनी पाठवलेलं; सह्या करून ठरलेल्या मुदतीत परत जायला हवं होतं. वकिलाच्या ऑफिसातून फोन आला, "आम्ही दीड महिन्यापूर्वीच पाठवलंय, तुम्ही उत्तर का देत नाही?" मुदत चार दिवसांत संपत होती. मी घरी आलो तो तापलेलाच.

"सर, माझं एक पाकीट आलं होतं?"

"रजिस्टर बघा."

"मला रजिस्टर नकोय. माझं पाकीट हवंय. तुम्ही उघडलंत का?"

त्यांनी चष्मा काढला. "घरात आलेला प्रत्येक कागद रजिस्टरात आहे. बघा."

मला तो टोमणा वाटला. माझ्या येण्याजाण्याच्या नोंदी करणारा माणूस, माझी पिशवी बघणारा माणूस. यानंच दाबलं असणार. शनिवारच्या फोनांचा सूड. मी रजिस्टर उघडलं नाही. खाली गेलो आणि अनघाला फोन करून म्हटलं, "मी लिहून देतो."

दुसऱ्या दिवशी लंच अवरमध्ये लिहिलं आणि नोटरीकडे जाऊन सही केली. जे पाहिलं ते. जे समजलं होतं ते नाही.

आठवड्यानंतर अनघाच्या वकिलाला फ्रिजवरच्या कागदांचे फोटो हवे होते. सर फिजिओथेरपीला गेले असताना मी कॅमेरा घेऊन वर गेलो. दाराजवळच्या खणांचेही काढावेत म्हणून वळलो. 'तळघर' लिहिलेल्या खणात पाकीट होतं. बंद. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात आवक क्रमांक, आणि तारीख ईडन प्रेरीच्या दिवसांतली. मी नव्हतो, पेटी भरली असेल, त्यांनी आणून माझ्या खणात ठेवलं, नोंद केली. तिथेच होतं ते. मी रोज त्याच्या समोर उभा राहून बूट घालत होतो.

कंपनीच्या वकिलांनी मुदत वाढवून घेतली, माझं काही बिघडलं नाही. मी मंदारला सगळं सांगितलं आणि विचारलं, निवेदन मागे घेऊ का? अजून हिअरिंगला दहा दिवस आहेत.

"वेडा आहेस का?" मंदार म्हणाला. "स्वॉर्न स्टेटमेंट आहे ते. आता म्हणणार की अर्धंच लिहिलं? तुझी ग्रीन कार्डाची केस पेंडिंग आहे, यार. कोणी खोटी शपथ वगैरे काढलं तर? आणि तू खोटं काय लिहिलंयस? काहीच नाही. गप्प बस."

मी गप्प बसलो. पाकिटाबद्दल सरांनाही काही बोललो नाही. खण रिकामा झालेला त्यांना दिसला असणारच. त्या दहा दिवसांत ते मला नेहमीसारखेच वागवत होते, फक्त रजिस्टरात माझ्या नोंदी थांबल्या. मी रोज बघत होतो.

वारसा आणि गार्डियनशिपची प्रकरणं चालवणाऱ्या प्रोबेट कोर्टाची खोली छोटी होती, एखाद्या शाळेच्या वर्गासारखी. अनघा पहिल्यांदाच प्रत्यक्ष दिसली. बारीक, थकलेली, सरांसारखंच कपाळ. तिच्या वकिलानं माझं निवेदन वाचलं. 'घरमालक स्वतःला अमर्याद सत्ताधीश म्हणवतात. स्वतःच्याच स्वयंपाकघरात जायला स्वतःला बंदी करतात. पाण्यासाठी एक तास बाहेर उभे राहतात.' इंग्रजीत ते फारच भयानक वाटत होतं. मॅजिस्ट्रेट बाई सौम्य होत्या. त्यांनी सरांना विचारलं, या नियमांबद्दल काही सांगायचंय का?

सर उठले. कोट घातला होता, टाय होता. मला वाटलं, आता दोन तास. पण ते एवढंच म्हणाले, "लिहिणाऱ्यानं स्वतःच्या कायद्याचा अर्थ सांगितला तर तो पुरावा धरू नये. माझे नियम पूर्ण समजलेला एक माणूस या खोलीत आहे. त्यांना विचारा." आणि माझ्याकडे हात केला.

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, तुमच्या समजुतीप्रमाणे या नियमांमागे काही हेतू, काही अर्थ होता का?

खिडकीबाहेर पार्किंग दिसत होतं. मला माझी गाडी दिसत होती.

"मला तरी समजला नाही," मी म्हणालो.

अनघा खाली मान घालून बसली होती. सर माझ्याकडे बघत होते, कुतूहलानं, जसं ते एखाद्या ग्रंथातल्या तळटीपेकडे बघत. मग ते बसले. दुपारपर्यंत निकाल झाला, अनघा त्यांची गार्डियन झाली.

बाहेर ते अनघाच्या भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. ती फोनवर होती. मी गेलो. त्यांनी काच खाली केली.

"त्या रशियन संहितेतल्या पहिल्या कलमाचा दुसरा भाग मी तुम्हाला कधी सांगितला नाही," ते म्हणाले. "बादशहाची आज्ञा नुसत्या भीतीनं नव्हे, तर सदसद्विवेकानंही पाळावी, असं देवच सांगतो. भीती आणि विवेक, दोन्ही लिहिलं होतं त्यांनी. पंडितांनी भीतीवर फारसं लिहिलं नाही. लाज वाटली असेल." मग म्हणाले, "तुम्ही आत जे बोललात, ते भीतीनं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग ठीक आहे. भीतीचं मला समजतं." आणि काच वर गेली.

घर दोन महिन्यांत विकलं गेलं. ग्रंथ कोण्या विद्यापीठानं नेले, सरांना अनघानं फ्रीमाँटला नेलं. मी मंदारकडे राहायला गेलो. पुढच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी फ्रीमाँटला आठवडाभर होतो. अनघाचं टाउनहाउस हॉटेलपासून दहा मिनिटांवर होतं, फ्रीवेवरून रोज तो एक्झिट लागायचा. मी घेतला नाही.

२००८ मध्ये माझं ग्रीन कार्ड आलं. त्या आठवड्यात मी अनघाला फोन केला. सगळं सांगितलं. उंबऱ्यावरचा तास, सर तेव्हा काय म्हणाले ते, पाकीट, खण, मंदार. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"रूल्सचं. बाबांनी मला आठवीत असताना एक्स्प्लेन केलं होतं. तेव्हा पण फ्रिजवर होते. मला सगळे पाठ होते. अरे, ते बर्फात पडले होते. दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. मी त्यांच्या रूल्सचं मीनिंग बघत बसू? मला ते जिवंत हवे होते. तू लिहून दिलंस, मी घेतलं."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"बोलतोस त्यांच्याशी?" ती म्हणाली. "इथेच आहेत, खिडकीत बसलेत. थोडं विसरतात आता, पण तुझं नाव आठवतं त्यांना. देऊ फोन?"

"नको," मी म्हणालो. "झोपले असतील."

"अरे, आत्ताच तर म्हटलं, खिडकीत बसलेत."

"मग मी नंतर करतो."

तिकडे सकाळचे साडेदहा वाजले होते. नंतर मी केला नाही.